साठ वाट्या नितळ सूप

दिवस: जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतरच्या तिसऱ्या डिसेंबरातला पहिला रविवार. रक्कम: पंधरा हजार येन, पांढऱ्या पाकिटात, कोऱ्या नोटा. हजर: आमच्या इमारतीच्या रहिवासी संघाच्या अध्यक्षा, इमारतीचे केअरटेकर, काका आणि मी. अध्यक्षांनी पाकीट काकांसमोर धरलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कमरेत वाकले आणि न उघडताच माझ्याकडे सरकवलं. मी मोजले. पंधरा हजार होते.

हे पैसे साठ माणसांच्या सुपाचे होते. टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत दर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी अंगणात लाकडी उखळ मांडून मोची कुटतात. मोची म्हणजे तांदळाची चिकट वडी. ती भाजून सुपात घालायची. सूप कोंबडीचं, पण पाण्यासारखं नितळ, वर एक हिरवं पान आणि युझू या आंबट फळाच्या सालीचा तुकडा. दर वर्षी एका मजल्याकडे सुपाची पाळी असते. चौथ्या मजल्यावर बहुतेक आम्ही भारतीय कुटुंबं. त्यामुळे आमची पाळी आली की ती फार नम्रपणे पाचव्या मजल्याकडे जायची. त्या वर्षी ती गेली नाही, आणि त्याला कारण काका होते.

काका आमच्यापैकी कुणाचेच काका नव्हते. मूळचे डोंबिवलीचे, योकोहामातल्या एका व्यापारी कंपनीत हिशेब बघायचे. मुलगा पुण्यात, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्याच मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहायचे. सातव्या मजल्यापासून तळापर्यंतची सगळी भारतीय मुलं त्यांना पाढेकाका म्हणायची, कारण दर रविवारी सकाळी दहा वाजता ते तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मुलांना पाढे शिकवायचे. नुसते पाढे नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पावापासून थेट साडेतीनपर्यंतचे पाढे. माझ्या मुलीला घरात मराठीत विचारलं तर ती जपानीत उत्तर द्यायची, पण "साडेतीन नव्वे?" म्हटलं की "साडेएकतीस" असं खणखणीत मराठीत यायचं. तिच्या तोंडून सलग मराठी ऐकायचं तर एवढाच मार्ग होता, आणि माझ्या आईशी फोनवर ती बोलायची तेही पाढेच. आजी विचारायची, नात म्हणायची, दोघी खूश.

काकांच्या मते माणसांचे दोन प्रकार. दिडकी येणारे आणि कॅल्क्युलेटर लावणारे. "दिडकी येते त्याला कॅल्क्युलेटर कशाला? आणि येत नाही त्यानं कॅल्क्युलेटरवर भरवसा ठेवायचा कशाच्या जोरावर?" हे त्यांचं नेहमीचं. मी नोकरीत दिवसभर आकडेमोडच करतो आणि ती यंत्रावर करतो, हे त्यांना ठाऊक होतं. मला ते "खजिनदार" म्हणायचे. त्यात थोडा मान आणि बराच चिमटा असायचा.

रविवारी वर्गाला ते टाय लावून यायचे. खिशात कंगवा आणि एक रुपयाचं नाणं. नाणं कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "देशाचं काहीतरी खिशात असावं. पासपोर्ट जाड असतो."

आणखी एक नाद होता. इथे गाडी पाच मिनिटं उशिरा आली की स्टेशनवर चिठ्ठी देतात, अमुक गाडी अमुक मिनिटं उशिरा धावली, क्षमस्व. ऑफिसला दाखवायला. काका त्या चिठ्ठ्या जमवायचे. स्वतः वेळेवर पोचले असले तरी, दुसऱ्या लायनीची गाडी लेट झालेली असली तरी, ते रांगेत उभे राहून चिठ्ठी घ्यायचे. एका सुबक फायलीत तीनशेच्या वर होत्या. पाहुणा आला की फाईल काढून दाखवायचे. "बघा. एवढ्या वेळा माझी माफी मागितलीये. डोंबिवलीत अठ्ठावीस वर्षं प्रवास केला, एकदाही कुणी मागितली नाही."

भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या तेव्हा ते योकोहामाहून चालत निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. त्याचं वर्णन ते अंतरात करत नसत. "एकोणतीसच्या पाढ्यात तामा नदी ओलांडली," असं सांगायचे. "एकापासून सुरू केलं होतं. शिनागावाला पोचेपर्यंत औटकी संपली, मग पुन्हा पहिल्यापासून."

वर्ग त्यानंतरच सुरू झाला. कित्येक महिने धक्के येत राहिले. मुलं घाबरायची, जेवताजेवता उठून टेबलाखाली शिरायची आणि बाहेर यायला तयार नसायची. काकांनी त्यांना सांगितलं, टेबलाखाली जायचं ते जायचंच, पण गेल्यावर सातचा पाढा सुरू करायचा. धक्का थांबला की पाढा थांबवायचा. मग मुलं एकमेकांना सांगू लागली, कालचा धक्का सात चोकपर्यंत होता, परवाचा सात नव्वेपर्यंत. टीव्हीवर रिश्टरचा आकडा यायचा, आमच्या घरात पाढ्याचा. माझी मुलगी एकदा टेबलाखालून नाराज होऊन बाहेर आली, कारण तिला त्या दिवशी पहिल्यांदाच अख्खा पाढा पाठ होता आणि धक्का सात त्रिकलाच संपला. त्या दिवसापासून आमच्या घरी भूकंपाची भीती गेली, असं मी मानतो.

तर असा तो वर्ग. आणीबाणीसाठी साठवलेल्या पाण्याच्या खोक्यांमध्ये आणि ब्लँकेटांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून चालायचा, आणि काकांचा अख्खा आठवडा त्या एका तासाकडे तोंड करून असायचा. शुक्रवारी ते मुलांसाठी शेंगदाण्याची चिक्की करायचे, शनिवारी टाय इस्त्री करायचे. मुलगा पुण्याहून सारखा म्हणायचा, बाबा, आता या. काका म्हणायचे, रविवार आहे ना. मुलाला ते उत्तर समजत नसे.

आता युझूचं. अंगणात सायकलस्टँडशेजारी एक झाड होतं. युझू हे फळ मोसंबीपेक्षा लहान, लिंबापेक्षा मोठं, साल खडबडीत, आत बिया भरमसाट आणि रस जेमतेम. वास मात्र असा, की एक फळ हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरलात तर उतरल्यावरही तो लिफ्टमध्ये राहतो. नोव्हेंबरात झाड पिवळंधमक झालं. फळं खाली पडू लागली. कुणी हात लावेना. काका रोज जाता-येता बघायचे आणि अस्वस्थ व्हायचे. शेवटी त्यांनी केअरटेकरना रीतसर विचारलं, झाड कुणाचं? ते म्हणाले, सगळ्यांचं.

इथे काकांची चूक झाली, आणि ती आपल्याकडच्या कुणाचीही झाली असती. आपल्याकडे सगळ्यांचं म्हणजे ज्याला लागेल त्यानं घ्यावं. इथे सगळ्यांचं म्हणजे सगळे घेतील तेव्हा घ्यावं, तोवर एकट्यानं बोट लावू नये. काकांनी एका शनिवारी दुपारी काठीला आकडा बांधून झाड मोकळं केलं. नऊ किलो भरले. रविवारी वर्गानंतर सगळ्या घरांतल्या बायकांना बोलावून फोडी केल्या, मोहरी, मेथी, हिंग, तिखट, मीठ, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक भारतीय घरात युझूच्या लोणच्याची एकेक बरणी पोचली. आमच्याकडेही. चवीला कडवट, पण वास फार छान.

चार दिवसांनी लिफ्टमध्ये एक कागद लागला. झाडाचं चित्र, झाडाला रडका चेहरा, आणि खाली एक ओळ: युझूंबद्दल कुणाला माहिती असल्यास कृपया कळवावी. नाव नाही, राग नाही. मी तो वाचला आणि घरी जाऊन आमची बरणी कपाटात मागे सरकवली. काकांनी तो वाचला आणि लोणच्याची एक बरणी घेऊन सरळ अध्यक्षांच्या दारात गेले.

"अहो, पण बरणी कशाला नेलीत?" मी नंतर विचारलं.

"माहिती मागितली होती. मी नमुना दिला."

अध्यक्षांना सगळे काइचो-सान म्हणायचे, म्हणजे अध्यक्षच. ऐंशीच्या घरातल्या, अंगानं चिमणीएवढ्या, डोक्यावर बारा महिने पांढरी टोपी. झाड त्यांनीच लावलेलं, इमारत नवी असताना. दर वर्षी त्यातली फळं घरटी एक वाटली जायची, डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी अंघोळीच्या पाण्यात टाकायला, आणि उरलेली या सुपाला. त्यांनी बरणी घेतली, आभार मानले, दार लावलं. पुढच्याच सभेत विषय आला: चौथ्या मजल्याला रविवारी हॉल द्यावा की नाही, याचा फेरविचार.

सभेत कुणी आवाज चढवला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, मुलं मोठ्यानं म्हणतात, ऐकायला छानच आहे, पण काय म्हणतात ते कळत नाही. दुसरे म्हणाले, नियम सर्वांना सारखे समजले तर बरं. काका मान खाली घालून बसले होते. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मग काइचो-सान म्हणाल्या, "या वर्षी सूप चौथा मजला करेल. हॉलचं आपण सुपानंतर बोलू."

ही शिक्षा होती की संधी, यावर आमच्या मजल्यावर बराच खल झाला. काकांनी तो एका वाक्यात संपवला. "परीक्षा आहे. अभ्यास करावा लागेल."

अडचण एकच होती. काका पक्के शाकाहारी. अंडंसुद्धा नाही.

"मग तुम्ही कसं करणार?" माझ्या बायकोनं विचारलं.

"वहिनी, मी कंपनीत स्टीलचा हिशेब ठेवतो. स्टील चाखतो का?"

त्यांच्या घरी कोंबडीला प्रवेश नव्हता, म्हणून सराव आमच्या घरी. तीन शनिवार ते सकाळी कोंबडीचं पाकीट घेऊन यायचे, हातात रबरी मोजे, नाकाला मास्क. काइचो-साननी त्यांना चारच गोष्टी सांगितल्या होत्या. उकळू देऊ नका. ढवळू नका. फेस काढत राहा. युझू शेवटी, नखाएवढा. काका त्या चार आज्ञा पाढ्यासारख्या पुटपुटत गॅसपाशी उभे राहायचे. आधी कोंबडीच्या तुकड्यांवर कढत पाणी ओतून ते धुवायचे, मग कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीची पट्टी टाकलेल्या पाण्यात सोडायचे, मंद आच, आणि वर येणारा फेस चमच्यानं अलगद काढत राहायचं. तासभर. एवढा वेळ कुणी काही ढवळत नाही, फोडणी देत नाही, वाटण घालत नाही, हे माझ्या बायकोला बघवत नसे. ती ओट्यापाशी हात बांधून उभी राहायची.

पहिल्या सरावाचं सूप तिनं चाखलं.

"काका, हे सूप नाही. हे कोंबडीनं अंघोळ केलेलं पाणी आहे."

"असू द्या. यांची अंघोळसुद्धा युझू घालूनच असते."

"पण चव?"

"चव वाफेत आहे. जरा वाकून घ्या."

"काका, मी कोल्हापूरची आहे. चव वाकून घ्यायची सवय नाही मला."

चाखता येत नसल्यामुळे काकांनी स्वतःची परीक्षा शोधून काढली. खिशातलं रुपयाचं नाणं वेगळ्या पातेलीत उकळून घ्यायचं, सुपाच्या वाडग्यात तळाशी सोडायचं आणि त्यावर कोरलेलं साल वाचायचं. वाचता आलं तर सूप पास. पहिल्या शनिवारी नाणं दिसलंच नाही, कारण काकांची पाठ वळताच बायकोनं एकदा पळीनं तळापर्यंत ढवळलं होतं. "हात गेला आपोआप," ती म्हणाली. दुसऱ्या शनिवारी नाणं दिसलं, साल दिसलं नाही. तिसऱ्या शनिवारी काकांनी चष्मा लावला, वाडग्यावर वाकले आणि साल मोठ्यानं वाचलं. मग मला वाचायला लावलं, माझ्या मुलीला वाचायला लावलं. तिनं वाचलं आणि वर जपानीत म्हणाली, पण नाणं घातलेलं सूप कोण पिणार? ते सूप कुणीच प्यायलं नाही.

दरम्यान झाडाच्या शेंड्याला तीन युझू शिल्लक असल्याचं काइचो-साननी दाखवून दिलं. काकांची काठी तिथवर पोचली नव्हती म्हणून ते वाचले. साठ वाट्यांना तीन फळांची साल पुरते. दुकानात मिळतात, मी आणतो, असं मी म्हटलं. काका म्हणाले, "काइचो-साननी दुकान दाखवलं नाही, झाड दाखवलं." युझूच्या झाडाला दीड-दीड इंचाचे काटे असतात, हे काठीनं फळं पाडणाऱ्याला कळत नाही. काका केअरटेकरची शिडी लावून चढले तेव्हा कळलं. खाली उतरले तेव्हा तीन फळं खिशात होती आणि स्वेटरचा एक हात झाडावर.

मोचीच्या आदल्या दिवशी काकांनी पाच किलो कोंबडी आणली. पावती माझ्याकडे दिली, कोंबडी आमच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि टाय इस्त्री करायला गेले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

सकाळी सातला ते आले. मोजे चढवले, फ्रिजमधून डबे काढले, एकाचं झाकण उघडलं आणि तसेच उभे राहिले. दुसऱ्याचं उघडलं. मग तिसऱ्याचं.

"वहिनी, हे काय झालंय?"

"काय झालं?"

"पिवळं आहे."

"हळद लावलीय," ती म्हणाली. "हळद आणि मीठ. धुवून लावून ठेवलं रात्री."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? कोंबडी रात्रभर नुसती ठेवतात का? माझी आई लावते, तिची आई लावायची."

काका माझ्याकडे वळले. "खजिनदार, तुम्हाला माहीत होतं हे?"

मला माहीत होतं. म्हणजे जन्मापासून माहीत होतं, त्यामुळे सांगण्यासारखं काही आहे हे सुचलंच नाही. सरावाच्या वेळी कोंबडी दरवेळी दुकानातून थेट पातेल्यात गेली होती. आमच्या घरी तिचा मुक्काम पहिल्यांदाच पडला होता. आणि काकांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरी सात पिढ्यांत कोंबडीला हळद लागली नव्हती.

धुवायला सुरुवात केली. थंड पाणी, कढत पाणी, पुन्हा थंड. पहिलं पाणी पिवळं गेलं, दुसरं पिवळं, पाचवं फिकट पिवळं. कोंबडी पिवळीच. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "काका, नऊला दुकान उघडेल. नवी आणू. पैसे मी घालतो. दहाच्या ऐवजी साडेदहाला वाढू."

"आणि हिचं काय करायचं?"

"टाकू."

"पाच किलो? तिनं जीव दिलाय, आणि मी शाकाहारी माणूस ती कचऱ्यात टाकू?" ते थांबले. "शिवाय आज रविवार आहे. ओला कचरा मंगळवारी."

आम्ही डबे उचलून खाली हॉलच्या स्वयंपाकघरात गेलो. तिथे भूकंपानंतर संघानं घेतलेली मोठाली पातेली होती. काकांनी मंद आचेवर पाणी ठेवलं, कोंबडी सोडली आणि चमचा घेऊन उभे राहिले. तासाभरानं सूप मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळलं. एक वाडगा भरला, नाणं टाकलं. साल स्वच्छ वाचता येत होतं. फक्त ते पिवळ्या पाण्यातून वाचता येत होतं.

अंगणात मोची कुटायला सुरुवात झाली होती. मोगरीचे ठोके हॉलपर्यंत ऐकू येत होते. बायकोनं हळूच म्हटलं, "काका, युझूमुळे पिवळं झालं म्हणा ना. सालही पिवळीच आहे."

मलाही तेच वाटत होतं आणि मी ते बोललो. "कुणाला कळणार आहे? सूप नितळ आहे, वास युझूचा आहे. हॉलचा प्रश्न आहे, काका. पोरांचा वर्ग आहे."

"माझाही आहे," काका म्हणाले. ते सालीचे तुकडे करत होते, नखाएवढे, ओळीत मांडून.

काइचो-सान आत आल्या. टोपी, एप्रन, हातात स्वतःचा लाकडी डाव. पातेल्याशी आल्या, वाकल्या आणि कितीतरी वेळ आत पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पिवळं आहे."

मी काकांकडे बघितलं. बायको भिंतीकडे बघत होती.

"हळद आहे," काका म्हणाले. त्यांचं जपानी हिशेबाच्या कागदावरचं, कोरडं आणि बरोबर. "उकोन. आमच्याकडे कोंबडीला लावून ठेवतात. मला ते ठाऊक नव्हतं. चूक माझी. युझूचा यात संबंध नाही."

काइचो-सान काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. "उकोन?"

तिसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थ होते, ज्यांना मुलं काय म्हणतात ते कळत नव्हतं. गाल लाल झालेले, कारण मोचीबरोबर साके, म्हणजे तांदळाची दारू, सकाळपासूनच चालू होती. इथे उकोन कोण ओळखत नाही? डिसेंबरात ऑफिसच्या पार्ट्या सुरू झाल्या की प्रत्येक कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, काउंटरपाशी हळदीच्या छोट्या बाटल्या मांडलेल्या असतात. पार्टीला जाण्याआधी एक प्यायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नाही, असा समज. त्या गृहस्थांनी कोटाच्या खिशातून तसली एक रिकामी बाटली काढून आम्हाला दाखवली, पुरावा म्हणून. मग अंगणाकडे तोंड करून त्यांनी काहीतरी हाक दिली. मोगरीचे ठोके थांबले.

पाच मिनिटांत रांग लागली. मोची अजून भाजून व्हायची होती, पण रांगेला मोची नकोच होती. पुरुषमंडळी वाडगा घ्यायची, तिथेच उभ्याउभ्या संपवायची आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जायची. माझी बायको वाढत होती आणि दरवेळी कोंबडीचा एक तुकडा जास्त घालत होती. साठ वाट्यांचं सूप होतं, अर्ध्या तासात तळ दिसला. मोची नंतर सोया सॉस लावून खावी लागली.

काइचो-साननी आपला वाडगा खिडकीपाशी नेला. उजेडात धरून पाहिला, वास घेतला, प्यायल्या. परत आल्या. काका टाय सरळ करून उभे होते.

"हे आमचं सूप नाही," त्या म्हणाल्या. "फेस नीट काढलाय. युझू बरोबर आहे. मीठ कमी."

"धुण्यात गेलं असेल," काका म्हणाले.

"चाखलं नाहीत?"

"मी मांस खात नाही."

त्यांनी टोपी जरा मागे सारली. "जे खात नाही ते साठ जणांसाठी केलंत?"

"हो."

काइचो-साननी वाडगा धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि गेल्या. हॉलबद्दल अवाक्षर नाही. काका दोन आठवडे झोपले नसावेत. नववर्षाच्या सुट्टीत ते रोज आमच्याकडे यायचे आणि चहा पिऊन जायचे. हॉलची किल्ली काइचो-सानकडे असायची. त्यांनी ती दिली नाही आणि काकांनी मागितली नाही.

जानेवारीतल्या पहिल्या वर्गाच्या दिवशी आम्ही खाली गेलो ते दार बंद असेल, असं धरूनच. काका टाय लावून, मुलं त्यांच्या मागे, मी सगळ्यांत मागे. दार उघडं होतं. हीटर लावलेला होता आणि खोली चांगली ऊबदार झाली होती, म्हणजे लावून बराच वेळ झाला होता. पाण्याच्या खोक्यावर काइचो-सान बसल्या होत्या. शेजारी थर्मास.

"चालू द्या," त्या म्हणाल्या. "काय म्हणतात ते ऐकायचंय."

काका खिशातला कंगवा काढून केस नीट करू लागले. माझ्या मुलीनंच सुरू केलं, औटकी. बाकीच्यांनी उचललं. काइचो-सान संपेपर्यंत हातावर हात ठेवून ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्या मुलीला जपानीत विचारलं, साडेतीन गुणिले सत्तावीस? तिनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि सांगितलं, साडेचौऱ्याण्णव. काइचो-साननी पिशवीतून छोटा सोरोबान काढला, जपानी मणीपाटी. मणी सरकवले. उत्तर बरोबर होतं. त्यानंतर त्या दर रविवारी सोरोबान घेऊन यायच्या, आणि मणी आधी की पाढा आधी, अशी त्यांची आणि काकांची झुंज लागायची. काका हरले की म्हणायचे, मणी तेल लावून आणलेत.

हॉलचं भाडं मात्र वादाचा मुद्दा राहिला. काका द्यायला बघायचे, त्या घ्यायच्या नाहीत. हॉल सगळ्यांचा आहे, म्हणायच्या. काका म्हणायचे, "सगळ्यांचं या शब्दावर मी आता या देशात काहीही घेणार नाही. आकडा सांगा." शेवटी रविवारी दोनशे येन ठरले.

असे आणखी तीन हिवाळे गेले. दर डिसेंबरात काका शिडी लावून युझू काढायचे, घरटी एक वाटायचे, आणि हातांवरचे ओरखडे जानेवारीपर्यंत मिरवायचे. सुपाची पाळी चौथ्या मजल्याकडे पुन्हा आली नाही, पण तिसऱ्या मजल्यानं एकदा आमच्याकडून हळद मागून नेली.

मग त्यांचं कंपनीतलं काम संपलं. मुलानं तिकीट पाठवलं. हे आम्हाला त्यांनी सांगितलं नाही, केअरटेकरकडून कळलं. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते खोकी बांधत होते. चिठ्ठ्यांची फाईल हातात होती.

"काका, वर्गाचं काय?"

"हॉलचं वर्षाचं भाडं भरलंय. रविवारी दहाला उघडा असेल."

"पण तुम्ही तर चाललात."

"मी चाललोय. भाडं इथेच आहे."

"मग शिकवणार कोण? मला औटकी येत नाही. मी यंत्रावर करतो, तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी सुतळीला गाठ मारली, कात्रीनं टोक कापलं आणि माझ्याकडे पाहिलं. "खजिनदार, पंधरा वर्षं शेजारी आहोत. तुम्ही एकदा भरलेलं भाडं वाया जाऊ दिलेलं मी बघितलेलं नाही."

मी खाली जाऊन खात्री करून घेतली. पावती होती. बावन्न रविवार, त्यातून एक मोचीचा वजा, एक भूकंपाच्या सरावाचा वजा, राहिले पन्नास. दर रविवारी दोनशेप्रमाणे एकूण दहा हजार येन, रोख, काइचो-सान यांना.